मुका माळ

ओरडू नका, पाहुणं! माणूस हवा असेल तर चालत जा त्याच्यापाशी. ह्या माळावर कुणी कुणाला हाक मारत नाही. हसा खुशाल, पण आधी ऐका.

गोष्ट आमच्या पणज्याच्याही आधीची. त्या खालच्या ओढ्याकाठी शिद्रामचं दोन बिघं रान होतं म्हणे. बायको म्हाळसा, लेकरूबाळ नाही. आई मेलेलं एक हरणाचं पाडस म्हाळसानं शेळीच्या दुधावर वाढवलं, नाव ठेवलं पुतळी. मोठी झाल्यावर पुतळी कळपात गेली. तरी म्हाळसानं बांधावरून "पुतळे, ये गं बाय" म्हटलं, की असेल तिथून धावत यायची. शिद्राम चिडवायचा, "मला कधी येवढ्या मायेनं हाक मारलीस का गं?"

हरभरा घाट्यावर आला की गाव शिकारीला निघायचं. ढोल-डबे बडवून रान उठवायचं, त्याला हाका म्हणतात. त्या साली हरणांनी शिद्रामचा निम्मा हरभरा फस्त केलेला. दोन दिवस हाका झाला, पण कळप बाभळबनातून बाहेर पडेना. तेव्हा बंदूकवाले शिद्रामला म्हणाले, "बायकोला एक हाक मारायला सांग. पुतळी येईल, मागनं कळप येईल."

शिद्रामचं मन कचरलं. पण उरलेला हरभरा डोळ्यांपुढं नाचत होता. घरी जाऊन म्हणाला, "पुतळीला धक्का लागणार नाही. माझा शब्द." त्या शब्दावर म्हाळसा बांधावर गेली आणि तिनं हाक मारली.

पुतळी आली. मागनं कळप आला. बंदुका एकदम उडाल्या. धुरात कोण कुणाला ओळखतंय! धूर विरला तेव्हा पुतळी म्हाळसाच्या पायाशी पडली होती. शिद्राम "चुकलं गं माझं" म्हणत खाली बसला. म्हाळसानं त्याला एका शब्दानं बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं.

त्यानंतर तिनं कुणालाच हाक मारली नाही. घरात बोलायची, हवं-नको बघायची. पण भाकरी घेऊन रानात आली की त्याचं लक्ष जाईपर्यंत मुकाट बांधावर उभी. मग शिद्राम नांगराचा एकेक तास, म्हणजे एकेक ओळ, संपला की वळून बघू लागला, न जाणो आली असेल. असेच दोघं म्हातारे झाले. ती जायच्या दिवशी तो उशाशी बसून म्हणत होता, "एकदा तरी हाक मार गं." तिनं त्याचा हात धरला, हाक काही मारली नाही. तेराव्याला त्यानं गावापुढं हात जोडले, "ह्या माळावर कुणी हाक मारू नका. हाकेवर विश्वासून जीव येतो हो."

आजही हरणं बांधापर्यंत येतात, कुणी बंदूक काढत नाही. आजही भाकरी आणलेली बाई गुमान उभी राहते. आणि तो बघा, औत हाकणारा गडी. तास संपला की वळून बघतोच. बायको माहेरी गेलीय त्याची, तरी बघतो.