तांब्याभर गोळ्या

पुष्कळ वर्षांपूर्वी डोंगरापलीकडच्या एका राज्यात एक शल्यवैद्य राहत होता. त्याचा हात हलका होता आणि मन त्याहून हळवं. शस्त्र चालवून झालं, जखम शिवली, की रोग्याचं कण्हणं त्याला ऐकवत नसे.

त्या राज्यात एक रीत होती. बरा होऊन घरी निघालेल्या माणसाचं भांडं कुणी अपुरं भरायचं नाही. रोगी तांब्या घेऊन येत, आणि वैद्य तो अफूच्या गोळ्यांनी काठोकाठ भरून देई. दुखलं की एक घ्या, एवढंच सांगे. किती दिवस घ्यायची, हे त्याला कुणी विचारत नसे आणि तोही सांगत नसे.

एकदा एका विणकराच्या पोटातला खडा त्याने काढला. विणकर तांब्या मांडीवर धरून बैलगाडीतून घरी गेला. आठ दिवसांत त्याचं दुखणं थांबलं. तांब्या मात्र अजून भरलेलाच होता, आणि गोळी घेतली की सगळं कसं मऊ मऊ वाटे.

मग तो भिंतीला टेकून नुसता बसू लागला. माग बंद पडला. बायको काही बोलली, की तो गोड हसून मान हलवी. एकदा तिने मुद्दाम आमटीत मूठभर मीठ टाकलं. एरवी त्याने घर डोक्यावर घेतलं असतं. त्या दिवशी मात्र तो म्हणाला, "छान झालीय."

ती चुलीपाशी जाऊन रडली. नवरा चार हातांवर बसला होता आणि तिला त्याची आठवण येत होती.

तिने तांब्या लपवून पाहिला. दुसऱ्याच दिवशी तो घामाने भिजला, थरथरू लागला, तिच्या पाया पडू लागला. तिला ते बघवेना. तिने तांब्या परत दिला आणि तडक वैद्याचं घर गाठलं.

"वैद्यबुवा, माझा माणूस अजून घरी आला नाही," ती म्हणाली.

"असं कसं? मीच त्याला गाडीत बसवून दिला."

"गाडी आली. तेही उतरले. पण दोन महिने झाले, मी अजून वाटच बघतेय."

वैद्याने विचारलं, दुखतं का अजून? ती म्हणाली, दुखणं केव्हाच गेलं, गोळ्या राहिल्या. मग घेतो कशाला, असं वैद्याने विचारलं. ती खाली मान घालून म्हणाली, "तुम्ही भरून दिलात म्हणून."

वैद्य तसाच उठला. मग तिच्याबरोबर निघाला. विणकराने त्याला पाहताच तांब्या छातीशी धरला. वैद्य त्याच्याजवळ जमिनीवर बसला आणि म्हणाला, "बाबा रे, चूक तुझी नाही. माझा हात थांबला नाही."

एकदम सोडणं त्याला सोसणार नव्हतं. म्हणून वैद्याने तांब्या आपल्याकडे घेतला; तो रोज येई आणि स्वतःच्या हाताने गोळी देई, दर चार दिवसांनी आधीपेक्षा लहान. विणकर चिडे, विनवी, कधी दाराकडे पाठ करून बसे. वैद्य यायचा थांबला नाही.

दीड महिन्याने एका सकाळी विणकर मागावर बसला. धोटा टाकायला वाकला आणि पोटावर हात ठेवून म्हणाला, "अगं, इथं जरा ओढ बसतेय."

तिच्या हातातलं सूत गळून पडलं. इतक्या दिवसांत गोळीचं सोडून त्याने स्वतःहून तिच्याशी बोललेलं ते पहिलं वाक्य होतं. ती त्याच्या शेजारी बसली आणि म्हणाली, "बसू दे. आज दोनच वीत विणा."

त्यानंतर वैद्य गोळ्या मोजून पळसाच्या पानात बांधून देऊ लागला, फक्त तीन-चार दिवसांच्या. चौथ्या दिवशी स्वतः रोग्याच्या घरी जाई आणि उरलेल्या परत घेई. वैद्यबुवा चिक्कू झाले, असं लोक म्हणू लागले. त्याने ते हसून ऐकून घेतलं. मात्र तेव्हापासून त्याच्याकडून निघालेला माणूस खरोखर आपल्या घरी पोचू लागला.

तात्पर्य : जो औषध कुठे थांबवायचं हेही सांगतो, त्याचीच दया रोग्याला घरापर्यंत पोचवते.