सीलबंद फुटबॉल

"तुझी ती फुटबॉलची कॅसेट उद्या आमच्याकडे जमा कर," देवखिंडचे यशोधनराजे वाड्याच्या स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणाले, आणि हौसाबाईच्या हातातलं लाटणं पोळीवरच थांबलं.

संस्थान कधीच खालसा झालं होतं, राजेसाहेबांचा हट्ट तेवढा शाबूत होता. पूर्वजांनी तलवारी जमवल्या, यांनी जुने व्हिडिओ गेम. तेही फक्त फुटबॉल, क्रिकेट, बॉक्सिंग अशा खेळांचे. दरबार हॉलमध्ये काचेच्या कपाटांत ते ओळीने मांडले होते. त्यातला एकही राजेसाहेबांनी कधी खेळून पाहिला नव्हता. खेळल्याने किंमत उतरते, असं त्यांना कोणीतरी सांगितलं होतं.

या संग्रहातलं रत्न म्हणजे एका बुडालेल्या कंपनीचा फुटबॉलचा गेम, कारखान्यातून निघाला तसा सीलबंद. किंमत ठरवायला मुंबईहून आलेले पाठारेसाहेब तो निरखून म्हणाले होते, "याची दुसरी प्रत कुठे नसेल, तर किंमत तिप्पट."

दुसरी प्रत वाड्यामागे, हौसाबाईच्याच खोलीत होती. दुपारची भांडी आवरली की ती आणि तिची सासू गोदाक्का टीव्हीसमोर बसून सामना खेळत. एकमेकींना तोंडावर जे बोलता येत नसे, ते दोघी गोल मारून सांगत. घरात त्यामुळे शांतता होती.

"सरकार, कॅसेट नेलीत तर सासूबाई माझ्याशी बोलायला लागतील," हौसाबाई काकुळतीने म्हणाली.

"आम्ही अन्याय करत नाही. तुझी ती खरचटलेली कॅसेट आमच्या सीलबंद प्रतीपेक्षा मोलाची आहे, हे उद्या सगळ्यांसमोर सिद्ध कर. जमलं तर मागशील ते देऊ. नाही जमलं तर कॅसेट आमची."

"आणि निकाल कोण देणार?"

"आम्हीच."

दुसऱ्या दिवशी दरबार हॉल भरला. पाठारेसाहेबांनी हौसाबाईची कॅसेट दोन बोटांत उचलली. "खोका नाही, लेबल उडालेलं, वर हळदीचा डाग. हिला भंगारवालाही हात लावणार नाही."

राजेसाहेबांनी समाधानाने मान हलवली. "बोल हौसा, आता काय म्हणतेस?"

"सरकार, खेळात कोण भारी हे मैदानात ठरतं. दोन्ही कॅसेटचा सामना लावू. आधी माझी."

तिने कॅसेटमध्ये फुंकर मारली, यंत्रात बसवली. टीव्हीवर हिरवं मैदान उगवलं, खेळाडू धावत सुटले. गोदाक्काने पदर खोचून बसल्या बसल्या पहिलाच गोल ठोकला. हॉलमध्ये टाळ्या पडल्या.

"आता सरकारांचा संघ येऊ द्या," हौसाबाई म्हणाली.

राजेसाहेबांचा हात खोक्याकडे गेला. पाठारेसाहेब धावत मध्ये आले. "महाराज, सील फोडू नका! फोडलंत तर हिच्यात आणि तिच्यात फरक काय राहिला?"

राजेसाहेबांनी हात मागे घेतला. "खोका उघडणार नाही."

"मग सरकार, निकाल तुम्हीच द्या. एक संघ मैदानात उभा आहे. दुसऱ्याला बोलावलं, तर तो खोक्यातून बाहेरच यायला तयार नाही. अशा वेळी पंच काय करतात?"

राजेसाहेबांनी खोक्याकडे पाहिलं, टीव्हीकडे पाहिलं. तालुक्याच्या किती सामन्यांचे ते प्रमुख पाहुणे होते. नियम माहीत नाही म्हणायची सोय नव्हती.

"हजर असलेल्या संघाला पुढे चाल देतात," ते कसेबसे म्हणाले.

"गैरहजर संघ कितीही महागडा असला तरी?"

राजेसाहेब असे खो खो हसले की कपाटांच्या काचा थरथरल्या. "जिंकलीस, हौसा. माग काय हवं ते."

"या कपाटातला बॉक्सिंगचा गेम द्या, सरकार. फुटबॉलमध्ये सासूबाई मला जिंकू देत नाहीत."

पाठारेसाहेबांनी डोळे मिटून घेतले. राजेसाहेबांनी बॉक्सिंगच्या खोक्याचं सील स्वतःच्या नखाने चर्रकन फाडलं आणि टीव्हीसमोर सतरंजीवर बसकण मारली.

"देतो," ते म्हणाले, "पण गोदाक्का, पहिली लढत आमच्याशी."