कड्याखालची जाळी

शके सतराशे चोवीस, आश्विन महिना, शरदातले कोरडे ऊन. त्या दिवसांत एका कड्याखाली एकदा एक शिष्य आपल्या गुरूच्या अंगावर धावून गेला. कारण सांगतो.

कड्यावरचा मध काढणारे लोक खाली, खडकांच्या पुरुषभर वर, वेताची जाळी झाडांना बांधत. हात सुटला तर माणूस जाळीवर पडावा. नवी जाळी ज्याने विणली, त्याच्याच घरचा माणूस पहिला दोराने उतरे, अशी रीत होती.

शिष्याने प्रथमच एकट्याने जाळी विणली. प्रत्येक वेत सरळ ओढलेला, प्रत्येक जोड आवळलेला. त्याचा धाकटा भाऊ भिवा कड्यावर लोंबकळत होता. मध घ्यायला आलेला व्यापारी म्हणाला, "वा! पंगत बसेल हिच्यावर."

तेवढ्यात म्हातारा गुरू आला. त्याने जाळीवर थाप मारली. तोंड वाईट केले. झाडांचे फास सैल केले, जाळीखाली शिरला आणि कोयत्याने जोड कापत सुटला. एक ठेवी, एक कापी. ताठ वेत वाकडे झाले. जाळी मधोमध लोंबली.

"बाबा! भाऊ आहे माझा वर!" शिष्याने धावत जाऊन त्याला बाहेर ओढले.

"म्हणूनच कापतोय."

"म्हातारा चळला," व्यापारी ओरडला. "धरा रे त्याला!"

वर माशा उठल्या. भिवाचा हात सुटला.

जाळी खाली गेली. आणखी खाली गेली. शिष्याने डोळे मिटले. मग वेत करकरले, सरळ झाले, आणि खडकाच्या वीतभर वर जाळी थांबली. भिवा माशांना शिव्या देत उठून बसला.

गुरू म्हणाला, "वेत म्हणजे काठी नव्हे, सुतळीही नव्हे. त्याच्यात थोडा बाक असतो. ओढला की तो बाक आधी जातो, मग वेत हटत नाही. तू बाक आधीच काढून घेतलास. भार आल्यावर त्याने द्यायचं काय? तुटलाच असता."

"मग सगळेच जोड का नाही कापलेत?"

"मग जाळी कसली? वेतांचा भारा. एकाचा भार दुसऱ्याने घ्यायला जोड हवाच. घरातली माणसं बांधतानाही एवढं ध्यानात ठेव."

शिष्य पाया पडायला वाकला. गुरूने त्याला खांद्याला धरून उभे केले.

"पाया नको. याच कड्यावर माझा दोर तुटला, तेव्हा तुझ्या बापाने हात सोलून निघेपर्यंत मला धरून ठेवलं होतं. ते ऋण होतं. आज फिटलं."