सुभेदारांचे बूट

ब्याऐंशी वर्षांचे माजी सुभेदार पिसाळ रोज मैदानाला फेरी मारतात, हे कळताच पाहणीला आलेले साहेब गरजले, "एवढं चालता, मग घरी मदतनीस कशाला? सरकारी मदत बंद!"

मदतनीस रेवती दचकली. आबांना आता कोण सांभाळणार?

सुभेदार मात्र शांतपणे खुर्चीत बसले. थरथरती, वाकडी बोटं पुढे करत म्हणाले, "चालून दाखवतो की साहेब. फक्त आज हिच्याऐवजी तुम्ही बूट चढवा."

साहेब खाली बसले. सुजलेला पाय काही बुटात जाईना. रेवती पुढे सरकली.

"थांब गं पोरी," आबा हसले, "साहेबांची पाहणी चाललीय."

घामाघूम साहेबांनी जमिनीवरच बसून मंजुरीची सही केली. मग हळूच विचारलं, "तू कसं घालतेस गं?"

"आधी पाय चोळायचा, साहेब."