दुपेडी दोरी आणि वारुळातला पाहुणा

मुलांनो, नीट बसा आणि ऐका. एकदाच सांगणार आहे.

रानाच्या कडेला, नाचणीच्या शेताला लागून एक मोठे वारूळ होते. त्यात वाळव्या राहत. कामकरी वाळवीला डोळे नसतात. ती मिशांनी चाचपते आणि वासाने ओळखते. हे ध्यानात ठेवा, पुढे लागेल.

वारुळाच्या मधल्या खोलीत एक म्हातारी वाळवी एक दोरी सांभाळत असे. दोरी दुपेडी, पीळ घातलेली. दोन्ही पेडांवर दाणे चिकटवलेले. जाती चारच : मोहरी, तीळ, नाचणी, राजगिरा. मोहरीसमोर नेहमी तीळ, नाचणीसमोर नेहमी राजगिरा. त्यामुळे एका पेडावरचा दाणा गळला, तरी तिथे कोण बसला होता ते समोरचा दाणा सांगे. कोणती भिंत कशी बांधायची, ते सगळे या दाण्यांच्या क्रमात होते.

ही दोरी खोलीबाहेर जात नसे. बांधकाम निघाले की म्हातारी तेवढाच भाग उकले, एका पेडावरून मिशी फिरवी आणि जोडीचे दाणे लावून एकपेडी नक्कल करी. तिळाच्या जागी मात्र ती राळा हे वेगळेच बारीक धान्य लावी, म्हणजे कुणी नक्कल आणून अस्सल म्हणून खपवू नये. निरोपी वाळवी ती नक्कल बाहेर नेई. गवंडी वाळवी ती तीन-तीन दाणे धरून चाचपे. तीन दाण्यांची एक हाक. हे तीन लागले की काळी माती, ते तीन लागले की तांबडी, आणखी तीन लागले की पिवळी. ओझेवाल्या वाळव्यांची माती ठरलेली असे. पिवळीवाली पिवळेच ढेकूळ आणी, दुसऱ्या ढेकळाला शिवतसुद्धा नसे. हाक आल्याशिवाय कुणी येत नसे. असे ढेकळाला ढेकूळ जोडत काम उभे राही.

तुमच्या अंगातल्या पेशीतही हेच चालते. दोरी म्हणजे डीएनए, नक्कल म्हणजे आरएनए, ढेकळे म्हणजे अमिनो आम्ले आणि उभे राहते ते प्रथिन. एवढे सांगितले. ही नावे आता पुन्हा घेणार नाही.

या वारुळात एक पाहुणा किडा होता. तो कधी आला, कुणाला आठवत नव्हते. त्याच्या पाठीतून गोड थेंब पाझरत. ते चाटायला मिळत, म्हणून त्याला कुणी काही विचारत नसे. एकटी म्हातारी त्याला आपल्या दारात उभे राहू देत नसे.

एके दिवशी डोंगळ्यांनी पिल्लांच्या खोलीची भिंत फोडली. शिपाई वाळव्यांनी त्यांना कसेबसे परतवले. पण डोंगळ्यांना एकदा वाट कळली की ते टोळी घेऊन येतात. त्याआधी भिंत उभी राहायला हवी होती. नाहीतर एक पिल्लू उरले नसते.

म्हातारीने नक्कल करून दिली. काम सुरू झाले. खालची अर्धी भिंत दगडासारखी झाली. वरची अर्धी मात्र हात लागताच ढासळू लागली. गवंडीने वास घेतला. वर सगळीकडे पिवळी माती होती.

"ए पिवळे, न बोलावता का घुसलीस?" गवंडी ओरडली.

"तू हाक मारलीस म्हणून आले," पिवळीवाली म्हणाली. "हाक मारणारी तू आणि चोर मी?"

"मी दाणे चाचपले तेच बोलले."

"मग तुझ्या मिशा झडल्यात!"

झाले. सगळ्या एकमेकींचा वास घेऊ लागल्या. काळीवालीला तांबडीचा संशय, तांबडीला गवंडीचा. कुणी म्हणाली, "हिच्या अंगाला डोंगळ्यांचा वास येतोय. फितूर झाली असेल." एवढे पुरे होते. पिवळीवालीला ढकलत नेऊन वारुळाबाहेर काढले. तिने आपले ढेकूळ तोंडात धरले आणि ती निघाली.

तेव्हा पाहुणा किडा पुढे आला. आवाज अगदी मऊ. "बायांनो, भांडता कशाला? ती दोरीच सडली असेल. म्हातारी कुणाला हात लावू देत नाही, ते उगाच का? अस्सल दोरी इथे चौकात आणा. सगळ्यांसमोर तपासू."

सगळ्यांना ते पटले. घोळका म्हातारीच्या दारावर गेला.

"आजी, दोरी बाहेर काढा."

"नाही काढणार."

"मग आम्ही तुमच्यावर संशय घेऊ."

"घ्या. मी रोज तुमच्या सगळ्यांवर घेते, तेव्हा कुठे दोरी शाबूत आहे. रोज दोन्ही पेड समोरासमोर चाचपते. एक सडला तर दुसरा सांगेल. आता मला सांगा, भिंत खालून बिघडली की वरून?"

गवंडी म्हणाली, "वरून, आजी. एका जागेपर्यंत पक्की आहे. तिथून पुढे एक ढेकूळ धड नाही."

"ओझेवाली चोर असती तर इथे एक, तिथे एक ढेकूळ खोटे निघाले असते. एका जागेपासून पुढे सगळेच बिघडले, म्हणजे त्या जागी एक दाणा गळलाय. तू तीन-तीन धरतेस. एक गेला की पुढचा दाणा मागे सरकतो, आणि तिथून पुढची प्रत्येक हाक चुकते. दोरी बाहेर येणार नाही. नक्कल आत आणा. गवंडी आणि निरोपी, दोघीच या. बाकीच्यांनी दाराबाहेर थांबा."

नक्कल आत आली. म्हातारीने ती दोरीशेजारी धरली आणि दाण्यामागून दाणा चाचपत गेली. अर्ध्यावर तिची मिशी थांबली. अस्सलात नाचणी होती. तिच्या जोडीचा राजगिरा नकलेत नव्हता. नुसता चिकट डाग होता.

"गवंडे, वास घे."

गवंडीने घेतला. वास गोड होता.

म्हातारी निरोपीकडे वळली. "वाटेत कुठे टेकलीस?"

निरोपी एक पाऊल मागे सरली. मग म्हणाली, "पाहुणा म्हणाला, दमलीस, दोन थेंब चाट. नक्कल खाली ठेवली, आजी. क्षणभरच."

"त्याला क्षणभरच हवा होता. आणि एकच दाणा हवा होता. पोट भरायला नव्हे. तुम्ही एकमेकींवर तुटून पडावे आणि दोरी बाहेर काढावी म्हणून. दोरी चौकात आली असती तर तिचे सगळे दाणे त्याला खाता आले असते."

शिपाई धावल्या. पाहुणा मागच्या बोळातून सटकत होता. त्याला धरून बाहेर फेकले. टोळी निघालेलीच होती. डोंगळ्यांना वाटेत पहिला तोच भेटला.

म्हातारीने नवी नक्कल केली आणि अस्सलाशी ताडून पाहिली. बिघडलेली मोडून तिचे दाणे कोठीत टाकले. "या वेळी वाटेत कुणी साखर दिली तरी थांबायचे नाही," ती निरोपीला म्हणाली. निरोपी थांबली नाही.

गवंडी हाका मारू लागली. "काळी!" आली. "तांबडी!" आली. "पिवळी!"

कुणी आले नाही.

पिवळे ढेकूळ आणणारी एकच होती, आणि तिला त्यांनीच हाकलले होते. बाकीच्या ओझेवाल्या खाली मान घालून उभ्या राहिल्या. जमिनीतून टोळीच्या पायांची थरथर जाणवू लागली. गवंडीने नक्कल काळीवालीच्या हाती धरायला दिली आणि ती स्वतः वारुळाबाहेर गेली. काम टाकून गवंडी बाहेर गेल्याचे कुणी ऐकले नव्हते.

पिवळीवाली एका मुळाखाली बसली होती. पिवळे ढेकूळ तोंडात तसेच होते.

"बाई, चूक माझी झाली," गवंडी म्हणाली. "शिव्या नंतर दे. पिल्ले उघडी पडलीत."

पिवळीवालीने ढेकूळ खाली ठेवले. "हाक दाण्यांची आहे की तुझी?"

"दाण्यांची. या वेळी आजीने ताडून पाहिलेली."

"मग चल."

भिंत उभी राहिली. थोड्याच वेळात टोळी आली. डोंगळ्यांनी भिंतीवर डोकी आपटली, चावे घेतले आणि ते परत गेले. आत पिल्ले सुखरूप होती. पिवळीवाली त्यानंतरही रोज हाकेला येत असे. गवंडीशी मात्र ती पुन्हा कधी बोलली नाही.

तात्पर्य : संशय आला तर नक्कल अस्सलाशी ताडून पाहा, अस्सल चव्हाट्यावर आणू नका, आणि ताडून पाहण्याआधी कुणाला दाराबाहेर काढू नका, कारण त्याचे काम दुसऱ्या कुणाला येत नसते.