तीन दिवसांचा उशीर

पूर्वी समुद्रकाठच्या शूर्पारक नगरात यशोवर्म नावाचा राजा राज्य करीत होता, तेव्हा बोधिसत्त्व त्या नगराच्या वेशीबाहेर एका कुंभाराच्या घरी जन्माला आला होता. त्या जन्मी त्याचे नाव समक. बाजारात टिचकी मारमारून घागर पारखणाऱ्या बायका त्याच्याकडची घागर मात्र तशीच उचलून घेत, इतका त्याचा हात चांगला होता.

पण ही कथा समकाची कमी आणि भायिलेची जास्त आहे. भायिला ही त्या नगरातल्या मिठागरांची मालकीण. नवरा लवकर गेला, पण बाई खमकी. उन्हातान्हात बांधावर उभी राहून तिने मिठागरे राखली आणि दोन लेकरे वाढवली. थोरला शिवघोष, धाकटी सुलसा. शिवघोष वीस वर्षांचा झाला आणि त्याच्या पाठीवर पांढरे चट्टे उठले. भायिलेने लेप लावले, नवस केले, चट्टे झाकायला जाड उपरणे पांघरवले. एक दिवस मिठागरात फावडे त्याच्या पायावर पडले, रक्ताची धार लागली आणि त्याला ते कळलेच नाही. शेजारच्या बांधावरच्या माणसांनी ते पाहिले. संध्याकाळपर्यंत ही गोष्ट पंचांच्या कानावर गेली.

त्या नगराची एक रीत होती. रीत कसली, भित्र्या माणसांनी काढलेली पळवाट! ज्याला महारोग झाला त्याचे जिवंतपणीच दिवस घालायचे. घरातल्या वडीलधाऱ्याने पाण्याने भरलेले नवे मडके रोग्यासमोर ठेवायचे, पाठ फिरवून लाथेने फोडायचे आणि मागे न बघता घरी येऊन आंघोळ करायची. त्या घटकेपासून तो माणूस मेला. त्याने खाडीपलीकडच्या वाळूच्या बेटावर जाऊन राहायचे. त्याला कुणी भेटायचे नाही. जो भेटेल त्याचे घरही वाळीत. त्या घरची मुलगी कुणी करायची नाही.

सुलसा तेव्हा चौदा वर्षांची होती. एक लेकरू गेलेच आहे, दुसरे तरी राहू दे, असे म्हणून भायिलेने मडके फोडले. मागे वळून पाहिले नाही. शिवघोषाने "आई" अशी हाक मारली होती, ती मात्र तिने ऐकली.

मडके समकाने घडवलेले होते. शिवघोष एकटाच खाडीच्या चिखलातून चालू लागला, तेव्हा समक त्याच्या मागोमाग गेला. त्याने त्याला बेटावर पोचवले, झोपडीला जागा पाहून दिली, आणि दुसऱ्या दिवशी ओहोटी लागली तशी गाडगी-मडकी डोक्यावर घेऊन पुन्हा गेला. मग रोजच जाऊ लागला. पंचांनी त्याला दटावले. तो म्हणाला, "मी वेशीबाहेरचाच माणूस. मला आणखी कुठे बाहेर काढणार?" नगरातल्या लोकांनी त्याच्याकडून मडकी घेणे सोडले. पुढे राजाच्या मुदपाकखान्यातून निरोप आला, की बेटावर जाणे सोड आणि राजवाड्याला जन्मभर भांडी पुरव. एवढे भाग्य कुंभाराच्या दारी कधी चालून येते का? समकाने हात जोडून सांगितले, "राजवाड्याला कुंभार पुष्कळ मिळतील. तिकडे दुसरा कुणी जात नाही."

दुसरा कुणी जात नाही, हे मात्र त्याने चुकीचे सांगितले, आणि ते त्याला त्याच दिवशी बेटावर पोचल्यावर कळले. तिथे आदल्या रात्रीच एक परदेशी येऊन राहिला होता. नाव हनान. पश्चिमेच्या समुद्रापलीकडचा खलाशी. डोलकाठी पडून त्याची मांडी मोडली, आणि जहाज त्याला बंदरावर टाकून निघून गेले. परक्याला नगरात कुणी ओसरी देईना, म्हणून तो लंगडत बेटावर आला. आला तो तिथल्या लोकांच्या जखमा धुऊ लागला.

समकाने त्याला विचारले, "तुला कुणी सांगितलं रे हे करायला?"

"आमच्याकडचे म्हातारे सांगतात," हनान मोडक्यातोडक्या बोलीत म्हणाला, "आकाशातला धनी रोग्याच्या रूपानं दाराशी येतो. रोग्याला हाकललं तर धन्यालाच हाकललं. आणि तुला कुणी सांगितलं?"

"माझ्याकडे कुणी धनी नाही. ह्याला दुखतं तसंच मला दुखतं, एवढंच मला माहीत. ह्या जन्मी तो, कुठल्या तरी जन्मी मी."

"ते तुझे जन्म मला काही दिसत नाहीत, कुंभारा."

"मग तुझा धनी तरी मला कुठे दिसतोय?"

शिवघोष दोघांच्या मध्ये पाय पाण्यात सोडून बसला होता. तो म्हणाला, "तुमचं ठरेपर्यंत माझा पाय असाच भिजत ठेवू का?" तेव्हा दोघेही ओशाळले. एकाने पाय धरला आणि दुसऱ्याने पाणी ओतले. पुन्हा तो वाद त्यांनी काढला नाही.

समकाने ही हकीकत भायिलेच्या परसात तिला सांगितली. भायिला खुदकन हसली. पोर अजून थट्टा करते, हे ऐकून तिचा जीव थोडा भांड्यात पडला. मग पदराने डोळे टिपून ती चुलीकडे गेली.

समक तिच्या परसात येई, कारण भायिलेने रीतीतून एक वाट काढली होती. मेलेल्या माणसाला नैवेद्य पाठवायला कुणाची ना नव्हती. म्हणून ती रोज भात रांधी, पानात बांधी आणि समकाच्या हाती देई. पंचांनी विचारले तर म्हणायचे, मुलाच्या नावाने नैवेद्य पाठवते. कुणाला बोट ठेवायला जागा नको, म्हणून ती सगळे नैवेद्यासारखेच करी. आणि मेलेल्यांच्या नैवेद्यात मीठ घालायचे नाही, असा त्या नगराचा नेम होता.

समक अधूनमधून म्हणे, "बाई, चिमूटभर मीठ घाला की."

"नको रे बाबा. कुणी चाखून बघितलं तर? सुलसा उजवायची आहे मला."

समक पान घेऊन जाई. अशी तीन वर्षे गेली. सुलसेचे लग्न ठरले. स्थळ तालेवार होते, माणसे पंचांच्या नात्यातली. मांडव पडला, पाहुणे येऊ लागले, आणि लग्नाला तीन दिवस असताना समक भरदुपारी परसात येऊन उभा राहिला. त्या दिवशी त्याने पान मागितले नाही.

"बाई, आज चला. ओहोटी आहे. आज आलात तर भेटेल."

भायिलेच्या हातातले सूप तसेच राहिले. "काल तर तू म्हणालास, बसून बोलत होता."

"ताप डोक्यात गेला आहे. डोळ्यांनी आता दिसत नाही. तुमचंच नाव काढतो."

"जेवला का? मी पाठवते ते जेवतो ना तो?"

समक खाडीकडे बघू लागला. त्याला खोटे बोलता येत नसे. तिने पुन्हा विचारले तेव्हा तो म्हणाला, "जेवतो. पण पहिल्याच दिवशी पहिल्याच घासाला त्याला कळलं, बाई. मला म्हणाला, आई नैवेद्य पाठवते आहे. तिला सांगू नकोस मला कळलं म्हणून."

भायिलेने सूप खाली ठेवले. घरात मिठाच्या राशी पडलेल्या, आणि तिने तीन वर्षे जिवंत पोराला मेलेल्याचा घास भरवला होता. रीतीला आपण फसवले असे तिला वाटत होते. फसवले ते पोराला, आणि पोराने ते मुकाट्याने गिळले. आतून बायकांचा हसण्याचा आवाज येत होता. सुलसेला हळद लावायची तयारी चालली होती.

"समका," ती म्हणाली, "तीन दिवस. फक्त तीन दिवस त्याला थांबव. पोरगी एकदा सासरी गेली की मी येते. मग मला वाळीत टाकोत नाहीतर जाळोत. आज गेले तर मांडवातून वरात परत जाईल रे."

दुसरा असता तर चार शब्द बोलला असता. समक म्हणाला, "सांगून बघतो." आणि तो निघून गेला.

ते तीन दिवस भायिलेने कसे काढले ते तिचे तिला ठाऊक. ती हसली, पाहुण्यांच्या पाया पडली, विहिणीचे मानपान केले. लोक म्हणाले, बाईची धन्य आहे, जरा डोळ्याला पाणी नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी सुलसेची पाठवणी झाली. पोरगी गळ्यात पडून रडली तेव्हा भायिला तिच्या कानात म्हणाली, "उद्या कुणी तुला विचारलं तर सांग, आई मेली." मुलीला त्याचा अर्थ लागला नाही. गाडी वेशीपलीकडे दिसेनाशी झाली आणि भायिला अंगावरच्या लग्नातल्या लुगड्यानिशी खाडीत शिरली. चिखलात गुडघ्यापर्यंत पाय रुतत होते. ती मोठमोठ्याने त्याचे नाव घेत चालली होती. तीन वर्षांत तिने ते नाव उच्चारले नव्हते.

झोपडीच्या दाराशी समक आणि हनान बसले होते. तिला पाहून दोघेही उठून उभे राहिले, तेव्हाच ती समजली.

"कधी?"

"सकाळी," समक म्हणाला. "भरती होती तेव्हा."

"माझ्याबद्दल काय म्हणाला?"

हनान म्हणाला, "रोज विचारायचा, तीन झाले का? आज सकाळी त्याला पावलं ऐकू आल्यासारखं वाटलं. म्हणाला, आई आली का?"

"मग? तुम्ही काय सांगितलंत?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिले. समक खाली बघून म्हणाला, "काहीच नाही, बाई. नाही म्हणायला जीभ रेटत नव्हती. हो म्हणालो असतो तर ते खोटं झालं असतं, आणि खोटं माझ्या धर्माला चालत नाही, ह्याच्याही धर्माला नाही. आम्ही नुसते त्याचे हात धरून बसलो. एक ह्यानं, एक मी. त्याच्या हातांना काही कळत नव्हतं. तो आपणच म्हणाला, येतच असेल. आणि गेला."

भायिला आत गेली. शिवघोषाला दोघांनी धुऊन, पुसून, स्वच्छ कापडात ठेवले होते. तिने त्याचे डोके मांडीवर घेतले. ती इतकी रडली, की बेटावरची बोटे झडलेली, नाके बसलेली माणसे झोपड्यांतून बाहेर येऊन दाराशी उभी राहिली. ती सगळी कुणी ना कुणी मडके फोडून धाडलेली होती. त्यांच्यासाठी आजवर कुणी रडायला आले नव्हते.

मग हनान हळूच म्हणाला, "त्यानं तुमच्यासाठी एक सांगून ठेवलं आहे. राग नाही म्हणाला. म्हणाला, आई आली की तिला सुलसेच्या लग्नाचं सगळं सांगायला लावा. मला ऐकायचं आहे."

भायिलेने डोळे पुसले आणि ती मेलेल्या लेकाला लग्न सांगू लागली. शालू कुठल्या रंगाचा होता, नवरा मुलगा कसा बुटका पण गोड आहे, मामाने मांडवात कसा घोळ घातला, पंगतीला काय काय होते, पाठवणीच्या वेळी पोरगी कशी रडली. सांगता सांगता ती एकदा हसलीसुद्धा. काही म्हणजे काही राखले नाही. ऊन खाली उतरेपर्यंत ती सांगत होती आणि तेवढा वेळ दारातले एकही माणूस हलले नाही.

ती परत गेली नाही. समकाकरवी तिने पंचांना कळवले, की भायिला मेली, तिच्या लेकीकडे कुणी बोट दाखवू नये. पंचांनाही ते सोयीचेच होते. पुढे अकरा वर्षे ती त्या बेटावर राहिली. समक मडकी आणी, हनान जखमा धुई आणि भायिला रांधून वाढी. कुणी आसन्नमरण झाले की ती त्याच्या उशाशी बसे आणि शेवटचा श्वास जाईपर्यंत उठत नसे. शिवघोषाच्या उशाशी मात्र तिला बसता आले नाही ते नाहीच. ते दुःख अकरा वर्षांत तसूभरही कमी झाले नाही.

ही कथा शास्त्यांनी, म्हणजे पुढे बुद्ध झालेल्या त्या बोधिसत्त्वाने, श्रावस्तीत सांगितली ती सुचेता नावाच्या वृद्ध भिक्खुणीच्या निमित्ताने. कुठल्याही पंथाचे माणूस आजारी असो, सुचेता बोलावण्याची वाट न पाहता त्याच्याकडे धावत जाई. त्या दिवसांत ती एका परपंथी तपस्व्याची शुश्रूषा करीत होती आणि बाकीच्या नावे ठेवीत होत्या, की आपला नव्हे तुपला नव्हे, हिला एवढी घाई कशाची? शास्ते म्हणाले, "तिला घाई आहे, कारण तिला एकदा उशीर झाला आहे. तेव्हाची भायिला म्हणजे ही सुचेता. शिवघोष म्हणजे तिच्यासमोर पडलेला तो तपस्वी. समक कुंभार तो मीच होतो."

एका भिक्खूने विचारले, "आणि तो परदेशी, भन्ते?"

"तो आपल्या संघात नाही," शास्ते म्हणाले. "त्याने इथेच असायला हवे असेही नाही."

ह्या जन्मी बोधिसत्त्वाने मैत्री पारमिता, म्हणजे सर्वांवरच्या मायेची परिपूर्णता, आचरली, असे थोर लोक सांगतात. पुढे कित्येक शतकांनी पश्चिमेकडच्या त्या मुलखातही एका गुरूने आपल्या माणसांना रोग्यातच मला पाहा असे शिकवले. आपल्या शेजारचे ख्रिस्ती लोक ते आजही मानतात. आधी कुणी सांगितले, ह्या भांडणात मला गोडी नाही. भायिलेला जो उशीर झाला, त्याला औषध ह्याही धर्मात नाही आणि त्यातही नाही. दोघांनी एवढेच सांगितले आहे, की ज्याच्याकडे जायचे त्याच्याकडे आज जा.