पिटकीचा फट्ट बूट

डोंगराच्या पायथ्याशी एक बीळ. बिळात पिटकी उंदरी. एवढीशी! चिंचोक्याएवढी म्हणा ना.

पिटकीला पाय चार. म्हणून बूट चार. डोंगर चढायचे बूट! जाड तळाचे!

डोंगरावर करवंदाच्या जाळ्या. जाळ्यांत काळीभोर करवंदं. आणि काटे? हे एवढाले! बूट नसला तर पाय गेलाच.

आज उंदरांची टोळी डोंगरावर निघणार. पिटकीची पहिलीच खेप! पहिल्या खेपेला येईल त्याला पहिलं करवंद. उंदरांची रीतच आहे ती.

पण काल बूट भिजले. पिटकीने काय केलं? एक बूट चुलीला चिकटवून वाळत घातला. चुलीला! असं करतात का? नाही करत. कातडं आक्रसलं. शिवण तटतट तुटली. बुटाने आ वासला.

पिटकी चालली, की बूट वाजायचे,
टक टक टक फट्ट!
टक टक टक फट्ट!

टोळीचे म्होरके होते घुमाकाका. मिशी पिळत म्हणाले, "टाकून दे तो. हा घे, नवा कोरा!"

पिटकीने नवा बूट घातला. दोन पावलं चालली.

"आई गं! चावला!"

टाच लालेलाल.

"नको गं बाई," पिटकी म्हणाली. "नवा चावतो. जुना पाय ओळखतो."

"मग जा, शिवून आण. पण ऐक! ऊन बिळाच्या तोंडाशी आलं, की आम्ही निघालो. कुणासाठी थांबणार नाही!"

पिटकी पळाली. टक टक टक फट्ट!

झाडाखाली बसला होता सायाळ मोची. त्याच्या पाठीवर काटेच काटे. काटा उपटायचा, त्याने बूट शिवायचा.

"मोचीबुवा, मोचीबुवा, बूट शिवा.
बूट पायात,
मी डोंगरात!"

मोचीने बूट उलटा केला. सुलटा केला. वास घेतला. शी!

"वरचं कातडं फाटलं असतं, तर फेकून दे म्हटलं असतं. नुसता तळ उघडलाय. शिवू की! पण दोऱ्याला मेण लागतं. मेणाशिवाय दोरा म्हणजे डाळीशिवाय आमटी. मेण आण, मग शिवतो. तोवर घाल पायात."

पिटकी पळाली. टक टक टक फट्ट!

"मधमाशीबाई, मधमाशीबाई, मेण दे.
मेण मोचीला,
मोची शिवेल बूट.
बूट पायात,
मी डोंगरात!"

"गुंऽऽ! फुकट देऊ? सकाळपासून एक फूल दिसलं नाही. तो काकडीचा वेल नुसता लोळतोय. फूल आण, मग देते. नाहीतर फेक तो बूट!"

"फेकणार नाही! नवा चावतो. जुना पाय ओळखतो."

पिटकी पळाली. टक टक टक फट्ट!

"वेलदादा, वेलदादा, फूल दे.
फूल मधमाशीला,
मधमाशी देईल मेण.
मेण मोचीला,
मोची शिवेल बूट.
बूट पायात,
मी डोंगरात!"

वेलाने मान टाकली होती. हळूच म्हणाला, "फूल कसलं गं... घसा कोरडा पडलाय. पाणी आण, मग देतो. नाहीतर फेक तो बूट."

"फेकणार नाही! नवा चावतो. जुना पाय ओळखतो."

पिटकी पळाली. टक टक टक फट्ट!

विहिरीच्या काठावर पोहरा पालथा पडला होता.

"पोहरेमामा, पोहरेमामा, पाणी दे.
पाणी वेलाला,
वेल देईल फूल.
फूल मधमाशीला,
मधमाशी देईल मेण.
मेण मोचीला,
मोची शिवेल बूट.
बूट पायात,
मी डोंगरात!"

"खण्ण!" पोहरा म्हणाला. "आत उडी मारू का? बुडालो तर वर कोण काढणार, तुझी शेपटी? माझा दोर शेळीच्या गळ्यात आहे. दोर आण, मग देतो. नाहीतर फेक तो बूट!"

"फेकणार नाही! नवा चावतो. जुना पाय ओळखतो."

पिटकी पळाली. टक टक टक फट्ट!

"शेळीमावशी, शेळीमावशी, दोर दे.
दोर पोहऱ्याला,
पोहरा देईल पाणी.
पाणी वेलाला,
वेल देईल फूल.
फूल मधमाशीला,
मधमाशी देईल मेण.
मेण मोचीला,
मोची शिवेल बूट.
बूट पायात,
मी डोंगरात!"

"बेंऽऽ! बूट फेकायचा असेल तर माझ्या तोंडात फेक. मी खाते!"

"मावशे!"

"बरं बाई, राहिलं. दोर घे ना! मला तरी कुठे हवाय? पण गाठ सुटेल तर शपथ. गाठ सोडव, मग देते."

एवढ्यात ऊन बिळाच्या तोंडाशी आलं. टोळी निघाली! आणि पिटकी? पिटकी अजून शेळीपाशी!

रडली का? छे! रडून गाठ सुटते होय? दात कशाला आहेत?

कुरतुड कुरतुड कुरतुड... तटाक्! गाठ सुटली!

शेळीने दिला दोर. दोर पोहऱ्याला. पोहरा आत, डुबुक! शेळीने दोर ओढला, हेऽऽ सर्रर्र! पाणी वर!
पाणी वेलाला. गटगट गटगट! वेलाने मान उचलली. फूल उमललं, पिवळंधमक!
फूल मधमाशीला. गुंऽऽ गुंऽऽ! मधमाशीने दिलं मेण.
मेण मोचीला. मोचीने पाठीचा काटा उपटला. "अयाया!" दोऱ्याला मेण चोळलं. खुपुक सर्र! खुपुक सर्र! बुटाचं तोंड बंद!

"बघतेस काय, कार्टे? पळ!"

टक टक टक टक!
टक टक टक टक!

खडक आला, टक! ओढा आला, उडी! काटे आले, कर्रकर्र मोडले! पिटकी वर, वर, अजून वर!

डोंगराच्या माथ्यावर टोळी बसली होती. घुमाकाकांच्या हातात पहिलं करवंद. काळंभोर. टपोरं.

"पहिल्या खेपेला कोण आलंय?" काकांनी विचारलं.

सगळ्यांनी इकडेतिकडे पाहिलं.

"कुणीच नाही? मग मीच खातो." काकांनी तोंड उघडलं. आऽऽ...

"थांबाऽऽऽ! मी! मी! मी आले!"

जाळीतून पिटकी बाहेर! धापा टाकतेय, पण चारी पाय धड!

"आली गं बया!" काका म्हणाले. "घे. तुझंच आहे."

पिटकीने करवंद तोंडात टाकलं. एक डोळा मिटला. शेपूट ताठ झाली. मिशा थरथरल्या.

"आंबट!!"

सगळी टोळी हसून हसून लोळली.

पिटकीने हात पुढे केला. "हसताय काय? दुसरं द्या!"

गोष्ट डोंगरावर चढली, करवंदाच्या जाळीत अडकली. काढायची असेल तर बूट घालून जा.